ग्रंथालयाचे आकडे आधी ग्रंथालयानेच वाचावेत

31 मार्च उलटला की गावोगावच्या ग्रंथालयांत वार्षिक अहवालाची गडबड सुरू होते. ग्रंथपाल कपाटातून नोंदवह्या काढतात, कार्यवाह सनदी लेखापालांकडे फेऱ्या मारतात आणि ठरलेल्या नमुन्यातला एकेक रकाना भरला जातो. एकूण ग्रंथ किती, वर्षात नवे किती आले, वर्तमानपत्रं किती, नियतकालिकं किती, सभासद किती, देवघेव किती, म्हणजे पुस्तकं किती वेळा घरी गेली. अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचतो आणि त्याची प्रत फायलीत जाते. ज्यांनी वर्षभर हे आकडे जमवले, त्यांच्या स्वतःच्या कामी ते क्वचितच येतात. मला याची मनापासून हळहळ वाटते. पुढच्या वर्षी कोणती पुस्तकं घ्यायची, दार किती वाजता उघडायचं, दुरावलेल्या कोणत्या वाचकांना पुन्हा बोलवायचं, हे ठरवण्याइतकी माहिती लहानशा वाचनालयाच्या नोंदवह्यांतही पडून असते. ती कशी काढायची आणि काढताना फसगत कुठे होते, ते इथे सांगतो.

आधी, हे आकडे वर का जातात ते पाहू. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा कोल्हापूर संस्थानाने 1945 साली केला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा, तो 1 मे 1968 पासून लागू झाला. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी नाहीत, ती लोकांनी स्थापन केलेल्या संस्था चालवतात. सरकार त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवतं आणि वर्गानुसार अनुदान देतं. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या 11 ते 12 हजारांच्या घरात आहे. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, वृत्तपत्रं, नियतकालिकं, कामाचे तास, कर्मचारी अशा गोष्टी पाहिल्या जातात. म्हणजे भर आहे तो ग्रंथालयाकडे काय आहे यावर. त्याचा वापर किती होतो, हा प्रश्न मागे पडतो. सरकारी पैशाचा हिशेब लागायला पहिली मोजणी हवीच. ग्रंथालय चालवणाऱ्याला मात्र दुसरी मोजणी जास्त लागते.

मोजणीतला पहिला घोळ ग्रंथसंख्येतच होतो. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. शेवटचा दाखल क्रमांक 14,312 असला की अनेक ठिकाणी अहवालातही 14,312 हीच ग्रंथसंख्या लागते. पण पन्नास वर्षांत काही पुस्तकं वाळवीने खाल्ली, काही पावसात भिजली, काही सभासदांनी परत केलीच नाहीत, काही जीर्ण म्हणून रीतसर निर्लेखित झाली, म्हणजे साठ्यातून वजा केली गेली. दाखल क्रमांक सांगतो तो आजवर आलेल्या पुस्तकांचा आकडा. कपाटात आज किती आहेत, ते साठा पडताळणीशिवाय कळत नाही. पडताळणी टाळण्याचं कारणही उघड आहे. खरा आकडा कमी निघाला आणि वर्गाच्या निकषाखाली गेला तर काय, ही भीती. त्या भीतीपोटी पानं गळालेली, कुणीही हात न लावणारी पुस्तकं वर्षानुवर्षं जागा अडवून बसतात आणि नव्यांना फळी मिळत नाही.

इथे आणखी एक भेद ध्यानात ठेवायला हवा. काही आकडे ठरावीक तारखेचे असतात, काही वर्षभराचे. ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या 31 मार्च रोजीची. देवघेव, नवी खरेदी, वाचकांच्या भेटी हे 1 एप्रिल ते 31 मार्च या काळातले. ‘आमचे सभासद 400’ असं कुणी म्हटलं तर आज 400 आहेत, की वर्षभरात एकूण 400 जणांनी कधी ना कधी वर्गणी भरली, हे विचारावं लागतं. दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण एका वर्षी पहिला आणि पुढच्या वर्षी दुसरा लिहिला तर वाढ किंवा घट दिसेल ती फक्त कागदावर.

सभासदांच्या बाबतीत तर मी आणखी एक आकडा आवर्जून काढायला सांगतो: वर्षात किमान एकदा तरी पुस्तक नेलेले सभासद. आंतरराष्ट्रीय व्यवहारातही असा ‘सक्रिय’ वाचक वेगळा मोजतात. वर्गणी भरून न फिरकणारे बरेच असतात. कुणी अनामत अडकलीय म्हणून नाव ठेवतं, कुणी गावच्या संस्थेला मदत म्हणून. त्यांची वर्गणी मोलाचीच आहे, पण ग्रंथालय किती जणांच्या वाचनाला पुरं पडतंय हे त्यांच्या नावांवरून कळत नाही.

आता देवघेव नोंदवहीकडे येऊ. माझ्या मते ग्रंथालयातली सगळ्यांत बोलकी वही तीच. तिचं पान साधं असतं. तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, कधी पुस्तकाचं नाव, आणि परत आल्याची तारीख किंवा सही. संध्याकाळी दार बंद करताना ग्रंथपालांनी दिवसाच्या नोंदींखाली रेघ मारून बेरीज लिहिली की महिनाअखेरीला अर्धं काम झालेलं असतं. त्या बेरजेशेजारी कादंबरी, कथा, चरित्र, बालवाङ्मय, दिवाळी अंक, इतर असे पाच-सहा रकाने आखून प्रत्येक पुस्तकामागे एक रेघ ओढायची, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दिवसाला वीस-पंचवीस पुस्तकं जात असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. वर्षाच्या शेवटी मात्र त्यातून काय काय निघतं ते पाहा.

समजा, एका ग्रंथालयात 8,000 पुस्तकं आहेत, 250 सभासद आहेत आणि वर्षभरात 6,000 वेळा पुस्तक घरी गेलं. 6,000 ला 8,000 ने भागलं तर 0.75 येतात. याला पुस्तकांची उलाढाल म्हणू. सरासरीने एक पुस्तक वर्षात पाऊण वेळा बाहेर पडलं. नुसता हा आकडा फारसं सांगत नाही, कारण सरासरीत वर्षात तीस वेळा गेलेली कादंबरी आणि वीस वर्षं जागची न हललेली ग्रंथावली एकाच मापाने मोजली जाते. म्हणून प्रकारवार पाहायचं. समजा त्या 8,000 पैकी बालवाङ्मय 800, म्हणजे 10 टक्के. पण 6,000 देवघेवींपैकी बालवाङ्मयाच्या निघाल्या 1,500, म्हणजे 25 टक्के. साठ्यातला वाटा 10, वापरातला वाटा 25. भागाकार अडीच. उलट चरित्रं 1,200 म्हणजे 15 टक्के, आणि त्यांची देवघेव 300 म्हणजे 5 टक्के. भागाकार एक तृतीयांश. भागाकार एकच्या आसपास असेल तर साठा आणि मागणी यांचा मेळ बसलाय. एकच्या बराच वर गेला तर त्या प्रकारची पुस्तकं बहुधा अपुरी पडताहेत, आणि बराच खाली असेल तर पुस्तकं आहेत पण वाचक त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

‘पोचत नाहीत’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. चरित्रं कुणी नेत नाही म्हणून ती काढून टाकावीत, असा निष्कर्ष इथून निघत नाही. ती कुलूपबंद कपाटात सर्वांत वरच्या फळीवर असतील. यादीत त्यांची नावं अपुरी असतील. सगळी चाळीस वर्षांपूर्वीची असतील आणि गेल्या दहा वर्षांत एकही नवं चरित्र आलं नसेल. काही पुस्तकं कमी वाचली गेली तरी ग्रंथालयाने जपायचीच असतात. तालुक्याचा इतिहास, स्थानिक लेखकांची पुस्तकं, जुन्या मासिकांचे अंक, कोश. असं साहित्य जपण्याची मोठी परंपरा रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं आणि पुण्याचं 1848 चं ग्रंथालय अशा जुन्या संस्थांना आहे. तिथे उलाढालीच्या आकड्यावर निवाडा करणं चुकीचंच ठरेल. बालवाङ्मयाचा अडीच मात्र स्पष्ट हाक देतो. मुलं येताहेत, पुस्तकं संपताहेत, आणि पुढच्या खरेदीत त्यांचा वाटा वाढायला हवा. ग्रंथ निवड समितीच्या बैठकीत ‘मुलं हल्ली वाचत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर हा कागद समोर ठेवावा.

देवघेव मोजताना एक नियम ठरवून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. तेच पुस्तक मुदत वाढवून पुन्हा नेलं तर ती नवी देवघेव धरायची का? दिवाळी अंक धरायचे का? फिरत्या पेटीतून शाळेत गेलेली चाळीस पुस्तकं ही एक नोंद की चाळीस? उत्तर काहीही असो, दरवर्षी तेच असलं पाहिजे. ग्रंथपाल बदलले, मोजण्याची रीत बदलली आणि देवघेव एकदम दीडपट झाली, असं झालं की मागच्या दहा वर्षांच्या आकड्यांशी तुलना संपली. देशादेशांत हीच अडचण येत होती म्हणून युनेस्कोने 1970 साली ग्रंथालय सांख्यिकी एकसारखी करण्याबद्दल शिफारस केली आणि 1974 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं 2789 क्रमांकाचं मानक आलं. ग्रंथ म्हणजे काय, भेट म्हणजे काय, सभासद कुणाला म्हणायचं, अशा व्याख्यांनीच ते भरलेलं आहे. त्या मला कंटाळवाण्या वाटत नाहीत, कारण व्याख्येशिवाय आकडा म्हणजे नुसता अंक.

वहीत न येणारं वाचनही पुष्कळ असतं. मुक्तद्वार विभागात सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे ज्येष्ठ नागरिक, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, टेबलावर बसून संदर्भ चाळणारा शिक्षक. यांच्यासाठी दाराशी सहीची वही असते, पण रोज येणारे आजोबा तिसऱ्या दिवसापासून सही करत नाहीत आणि त्यांना रोज टोकणं कुणालाच बरं वाटत नाही. त्यामुळे सह्यांवरून काढलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांचं देशव्यापी सर्वेक्षण दरवर्षी होतं. तिथे जी ग्रंथालयं रोज भेटी मोजू शकत नाहीत, ती एका सर्वसाधारण आठवड्यात दारातून आत येणारा प्रत्येक माणूस मोजतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. आपल्याला हे सहज जमेल. फक्त आठवडा निवडताना गणपती, दिवाळी, यात्रा, सुगीचे दिवस टाळायचे. अभ्यासिका असेल तर परीक्षेच्या तोंडावरचा आठवडाही नको, नाहीतर आकडा फुगेल. मी म्हणेन, एक आठवडा पावसाळ्यातला आणि एक हिवाळ्यातला घ्यावा आणि दोन्हींची सरासरी धरावी. एकच माणूस सकाळी आणि संध्याकाळी आला तर त्या दोन भेटी होतात. म्हणून या आकड्याला ‘वाचकसंख्या’ म्हणू नये, ‘भेटी’ म्हणावं.

त्याच आठवड्यात तासावार रेघा ओढल्या तर आणखी एक उपयोग होतो. समजा, सकाळी 8 ते 11 या वेळेत रोज पाच-सात माणसं येतात आणि संध्याकाळी 6 नंतर दाराशी गर्दी होते, पण ग्रंथालय साडेसहाला बंद होतं. हे कागदावर दिसलं की वेळ बदलण्याची चर्चा ‘मला वाटतं, तुम्हाला वाटतं’ यापाशी अडकत नाही. नोकरी करणाऱ्या बायका, मजूर, कॉलेजातून एसटीने परतणारी मुलं संध्याकाळीच येऊ शकतात. कामाचे एकूण तास तेवढेच ठेवूनही त्यांची वाटणी बदलता येते.

आत बसून वाचलेल्या पुस्तकांसाठीही सोपी रीत आहे. मोजणीच्या आठवड्यात टेबलांवर पाटी ठेवायची: ‘वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, इथेच राहू द्या.’ दार बंद करताना टेबलांवरची पुस्तकं मोजायची, प्रकारवार लिहायची आणि मग जागच्या जागी लावायची. काही वाचक सवयीने पुस्तक परत ठेवतीलच, त्यामुळे आकडा थोडा कमीच येईल. पण कोश, गॅझेटियर, नकाशे यांचा खरा उपयोग कळायला दुसरा मार्ग नाही, कारण ती पुस्तकं देवघेवीत जातच नाहीत.

एका उणिवेकडे मात्र कोणत्याही सरकारी नमुन्याने नीट पाहिलेलं नाही. कार्ड एकाच्या नावावर असतं आणि वाचतं सगळं घर. नवऱ्याच्या नावावर सभासदत्व, पुस्तक निवडते बायको, घरी आल्यावर सासूबाई वाचतात आणि बदलायला येतो नातू. नोंदवहीत पुरुष सभासद एक, देवघेव एक. त्यामुळे ‘महिला सभासद अवघे 15 टक्के’ अशा आकड्यावरून गावातल्या बायका वाचत नाहीत असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे. वर्षातून एकदा पुस्तक बदलताना सभासदाला एवढंच विचारावं, ‘घरात कोण कोण वाचतं?’ उत्तरं कार्डाच्या कोपऱ्यात लिहावीत. महिला विभागासाठी पैसे मागायला जाताना हा आकडा हाताशी लागतो.

आणखी एक वही मला प्रत्येक ग्रंथालयात हवी आहे: न मिळालेल्या पुस्तकांची. वाचकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, किंवा होतं पण बाहेर गेलं होतं. नाव, तारीख, झालं. देवघेव आपल्याला आपण काय दिलं ते सांगते, ही वही काय देऊ शकलो नाही ते सांगते. तीन महिन्यांत एकाच पुस्तकाचं नाव आठ वेळा आलं तर दुसरी प्रत घ्यायला कुठल्या ठरावाची वाट पाहायची? आणि ज्या वाचकाने मागितलं होतं, त्याला पुस्तक आल्यावर ग्रंथपालांनी फोन केला, तर तो वाचक ग्रंथालय सोडून जात नाही.

आकड्यांवर पैसा अवलंबून असला की आकडे वाकवले जाण्याचा धोका असतो. 2012 साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा अनेक ठिकाणी कागद आणि प्रत्यक्ष यांत तफावत आढळली. त्याची झळ प्रामाणिकपणे चालणाऱ्या ग्रंथालयांनाही बसली. सगळी चळवळच संशयाने पाहिली गेली. म्हणून मी आग्रहाने म्हणतो, देवघेव वाढवून लिहू नका. खरी देवघेव घटली असेल तर घट लिहा आणि शेजारी कारण लिहा: इमारतीची दुरुस्ती, ग्रंथपालांचं पद रिकामं, नवी खरेदी नाही. अनुदानाचा हप्ता उशिरा आला आणि त्या वर्षी नवी पुस्तकं कमी घेतली, तर त्यापुढच्या वर्षी देवघेव घसरलेली दिसते का, हे दहा-पंधरा ग्रंथालयांनी एकत्र येऊन दाखवलं तर अनुदान वेळेवर मिळण्याच्या मागणीला वजन येईल. फुगवलेल्या आकड्यांतून हे कधीच दाखवता येणार नाही. तुलना करताना 2020-21 हे टाळेबंदीचं वर्ष पायाला धरू नये, नाहीतर त्यापुढचं प्रत्येक वर्ष भरभराटीचं दिसेल.

देशपातळीवरचं चित्रही विरळच आहे. 2011 च्या जनगणनेत ग्रामीण भागात 70,817 आणि शहरी भागात 4,580 सार्वजनिक ग्रंथालयं नोंदली गेली. त्यांतली किती रोज उघडतात, किती पुस्तकं देतात, हे त्या आकड्यांत नाही. राष्ट्रीय ज्ञान आयोगाने ग्रंथालयांची देशव्यापी गणना करावी अशी शिफारस केली होती, ती याच उणिवेपोटी. अशी गणना व्हायला हवी, आणि त्यात कपाटातल्या पुस्तकांइतकंच महत्त्व वाचकाच्या हातातल्या पुस्तकाला मिळायला हवं.

देवघेवीच्या आकड्यांचा मला फार आवडणारा एक उपयोग ब्रिटनमध्ये आहे. तिथे 1979 च्या कायद्याने लेखकाचं पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयातून जितक्या वेळा जातं त्या प्रमाणात सरकार लेखकाला मानधन देतं. देशातली प्रत्येक देवघेव मोजत नाहीत, निवडक ग्रंथालयांचे आकडे घेऊन अंदाज बांधतात. डेन्मार्कमध्ये ग्रंथालयांतल्या पुस्तकांबद्दल लेखकांना मानधन देण्याची व्यवस्था 1946 पासून आहे. मराठीत कादंबरीची आवृत्ती लवकर संपत नाही, पण तीच कादंबरी ग्रंथालयांतून शेकडो हातांत जाते. त्या वाचनाची लेखकाला ना खबर लागते ना मोबदला. आपल्याकडे अशी योजना कधी आणायची झाली तर पहिली गरज विश्वासार्ह देवघेव नोंदींचीच असेल.

हे सगळं करताना एक मर्यादा काटेकोर पाळायची. कुणी किती वाचलं हे मोजावं, पण कुणी काय वाचलं हे चारचौघांत येता कामा नये. अहवालात, फलकावर, व्हॉट्सअॅप गटावर बेरजा जाव्यात, नावं जाऊ नयेत. एखादी मुलगी मानसिक आजारावरचं पुस्तक नेते, एखादा माणूस घटस्फोटाच्या कायद्यावरचं नेतो. गावात ग्रंथपाल सगळ्यांना ओळखतात, म्हणून तर ही जबाबदारी मोठी. देवघेवीची वही टेबलावर उघडी ठेवू नये, एवढं तरी आजपासून करता येईल.

संगणक असेल तर काम हलकं होतं. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत पुस्तकांच्या नोंदी नीट असतील तर प्रकारवार देवघेव, वर्षभर न हललेली पुस्तकं, सक्रिय सभासद हे अहवाल काही मिनिटांत निघतात. पण नोंद करताना पुस्तकाचा प्रकारच भरला नसेल, तर यंत्रही ‘इतर’ या एका रकान्यात सगळं ओतून देईल. संगणक नसेल तर अडून राहू नये. शंभर पुस्तकांचा एक नमुना घ्यावा: प्रत्येक कपाटातल्या प्रत्येक फळीवरचं दहावं पुस्तक काढत जावं, आणि मागच्या पानावरच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख कधीची आहे ते लिहावं. या वर्षीची किती, पाच वर्षांपूर्वीची किती, चिठ्ठी कोरीच अशी किती. दोन कार्यकर्ते बसले तर एका दुपारचं काम आहे, आणि पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीपुढे ठेवायला पहिला कागद तयार होतो.